पाठीवरचं आडनाव

आमचं आडनाव वोदोपिवेत्स. आमच्या भाषेत त्याचा अर्थ पाणी पिणारा. ज्या खोऱ्यात पोरंसोरंसुद्धा जेवताना घोटभर वाइन घेतात, तिथे असलं आडनाव म्हणजे रोजची थट्टा. त्यातून बाबांचा द्राक्षमळा. पिंप न्यायला आलेला प्रत्येक माणूस विचारायचा, "श्टेफान, पाणी तर नाही ना मिसळलंस?" आणि बाबा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

मी तिल्का. मी शिवणकाम करायचे आणि गावच्या गायनपथकात गायचे. धाकटा भाऊ गुश्टिन लाकडाच्या वखारीत कामाला होता आणि उरलेला सगळा वेळ सायकलवर असायचा. आई महायुद्धात गेली, निर्वासितांच्या छावणीत. आम्ही परत आलो तेव्हा लोझेत्स गावात चार भिंती धड उभ्या नव्हत्या, आणि ऑस्ट्रियाचा बादशहा जाऊन इटलीचा राजा आमचा झाला होता. भिंती आम्ही पुन्हा बांधल्या. राजाचं आमच्या हातात नव्हतं.

सांगते ती गोष्ट १९२७ सालची. तोवर शाळेतून आमची स्लोव्हेन भाषा गेली होती. दुकानांवरच्या पाट्या गेल्या होत्या. गावाने निवडलेला सरपंच घरी बसवून रोमच्या सरकारने त्रेविझोहून ग्रासेल्ली नावाचा माणूस गावप्रमुख म्हणून पाठवला होता. राहिल्या होत्या तीन गोष्टी. वाचन मंडळाचं गायनपथक, 'बुर्या' सायकल क्लब, आणि चर्च. बुर्या म्हणजे आमच्याकडचा हिवाळी वारा. कौलं उडू नयेत म्हणून आम्ही त्यांच्यावर दगड ठेवतो, त्यावरून काय ते समजा.

जानेवारीत गायनपथकाचा कार्यक्रम होता. परवानगी हवी तर प्रत्येक गाण्याचं इटालियन भाषांतर पोलीस ठाण्यात द्यायचं, असा हुकूम आला. आमचं पथक चालवायचे उशाय गुरुजी. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे, आणि चिडले की आणखी हळू बोलणारे. त्यांनी बसून अकरा गाण्यांचं भाषांतर केलं. ठाण्याचे मार्शल कापुतो नेपल्सकडचे, पोटाने मोठे, स्वभावाने वाईट नव्हेत. ते एका ओळीपाशी अडले. लावी पक्षी कुंपणावर बसून गाते, अशी ती ओळ. कोणीतरी त्यांचे कान भरले होते की 'मेया' या शब्दाचा अर्थ कुंपण नाही, देशाची सीमा आहे. आमच्याकडे दोन्हीला तोच शब्द. सीमेवर बसून ही लावी पलीकडे युगोस्लाव्हियात कोणाला बोलावते, असं त्यांनी गुरुजींना विचारलं.

"नराला," गुरुजी म्हणाले. "वसंत ऋतू आहे, मार्शलसाहेब."

कार्यक्रम झाला. मार्शल पहिल्या रांगेत बसले, एक शब्द न कळता शेवटपर्यंत ऐकत राहिले, आणि जाताना मला म्हणाले की त्यांची आईसुद्धा गायची. आम्हाला वाटलं, हा माणूस आहे तोवर निभावेल.

नाही निभावलं. जूनमध्ये वाचन मंडळ बंद करण्याचा कागद आला. पुस्तकांची दोन कपाटं ठाण्यात गेली. ऑगस्टमध्ये सायकल क्लबची पाळी. क्लबचा झेंडा, भिंतीवरचे फोटो, आणि मी शिवलेले निळे सदरे, सगळं पोत्यात भरून नेलं. सदरे देताना मी मार्शलना विचारलं की यातल्या कुठल्या शिवणीपासून राज्याला धोका आहे. ते बिचारे खाली बघत म्हणाले, "सिन्योरिना, मी फक्त पोतं उचलतो."

आता राहिलं आडनाव. एप्रिलमध्येच त्याचा कायदा आला होता. 'बिघडलेली' आडनावं मूळच्या इटालियन रूपात आणायची, असं त्यांचं म्हणणं. आमची आडनावं बिघडली कधी ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्यासाठी त्यांनी शोधून काढलेलं आडनाव होतं बेविलाक्वा. अर्थ तोच, पाणी पिणारा. बाबांनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवून बघितला, नवीन वाइन चाखतात तसा, आणि म्हणाले, "आजोबांना या नावाने हाक मारली असती तर त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नसतं." अर्ज केला नाही. खोऱ्यात फार थोड्यांनी केला.

ऑगस्टच्या शेवटी ग्रासेल्लींनी गुश्टिनला कचेरीत बोलावलं. अठरा सप्टेंबरच्या रविवारी गोरित्सा शहरातून सायकल शर्यत सुटणार होती. खोऱ्यातून येऊन सेंट मार्टिनच्या टेकडीवर, म्हणजे आमच्याच चर्चसमोर, संपणार होती. वरून मोठे अधिकारी येणार होते. आपल्या गावचा मुलगा जिंकावा अशी ग्रासेल्लींची फार इच्छा. गुश्टिनला ते नवी शर्यतीची सायकल देणार होते, पक्ष्याच्या पिसासारखी हलकी. शहरातल्या नव्या क्लबात जागा, शिवाय नोकरी. अट एकच, अर्जावर सही करून बेविलाक्वा या नावाने पळायचं.

गुश्टिन घरी आला तेव्हा मी आणि बाबा मळ्यात वेलींची पानं काढत होतो, घडांना ऊन लागावं म्हणून. त्याने सगळं सांगितलं. माझी अपेक्षा होती की तो शेवटी थुंकेल. तो थुंकला नाही. म्हणाला, विचार करायला दोन दिवस मागितलेत.

मी त्याला काय काय बोलले ते आता सांगत नाही. बाबा एवढंच म्हणाले की नाव त्याचं आहे, पाय त्याचे आहेत, त्याने ठरवावं. त्यावर मी बाबांनाही बोलले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शिवणयंत्रापाशी येऊन बसला. माझा राग गेला नव्हता, मी यंत्र थांबवलं नाही. त्या आवाजातच तो बोलत राहिला. ती सायकल त्याने हातात घेऊन बघितली होती. एका बोटावर उचलली जाते, म्हणाला. आठ वर्षं तो बाबांच्या जुन्या सायकलच्या जड धुडावर टेकड्या चढत होता.

"ताई, मला जिंकायचंय गं. खोटं कशाला बोलू? नाव गेलं खड्ड्यात, असंसुद्धा वाटलं मला."

"मग?"

"मग डोळ्यांपुढे आणलं. मी जिंकलोय, ते नाव पुकारताहेत, लोक टाळ्या वाजवताहेत. आणि मी मागे वळून बघतोय, हा बेविलाक्वा कुठे राहिला म्हणून."

मी यंत्र थांबवलं. तो हसला, पण डोळे भरलेले होते. सकाळी जाऊन त्याने ग्रासेल्लींना नकार दिला. मग तुला या खोऱ्यात कुठल्याच शर्यतीत उभं राहता येणार नाही, असं त्यांनी सुनावलं. त्याच आठवड्यात वखारीतलं कामही गेलं.

शर्यतीच्या आधी गावात हुकुमाची पाटी लागली. रविवारी सकाळी आठ ते बारा टेकडीचा रस्ता बंद. चर्चमधून येताना उशाय गुरुजी त्या पाटीपुढे बराच वेळ उभे राहिले. नंतर आमच्याकडे आले, कॉफी मागितली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले की पाटीवर बैलगाड्या आहेत, घोडागाड्या आहेत, मोटारी आहेत, गुरं आणि मेंढ्या आहेत. सायकल नाही. शर्यतच सायकलींची, त्यामुळे लिहायचं कोणाला सुचलं नसावं.

बाबा म्हणाले, "गुरुजी, तुमची नोकरी सरकारी आहे."

"मी फक्त पाटी वाचली, श्टेफान. वाचायला शिकवणं हेच माझं काम."

गुश्टिन उठला. अंगणात जाऊन त्याने जुनी सायकल उलटी केली आणि साखळीला तेल घालायला लागला.

मी पांढऱ्या कापडाचा एक साधा सदरा शिवला. निळं कापड गावात मिळेनासं झालं होतं. सदरा झाला, इस्त्री झाली, आणि मग मी तो पाठीकडून मांडीवर घेतला आणि काळ्या दोऱ्याने अक्षरं भरायला लागले. वीतभर उंचीची, दुरून दिसतील अशी. असं करायचं मी कोणाला विचारलं नव्हतं. गुश्टिनने शनिवारी तो बघितला तेव्हा बराच वेळ बोटाने अक्षरं चाचपत बसला. मी म्हटलं, नको असेल तर उसवते. तो म्हणाला, "उसवायला बसलीस तर रविवार निघून जाईल."

रविवारी ऊन छान होतं. द्राक्षतोडणी दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती, त्यामुळे सगळा गाव घरी होता, आणि शेजारच्या गावांचे लोकही टेकडीच्या दोन्ही अंगांना येऊन बसले होते. वर चर्चसमोर कमान, बँड, खुर्च्यांवर अधिकारी, काळ्या सदऱ्यांतल्या फॅसिस्टांची रांग. गायनपथक आत माळ्यावर. पथक आता सरकारदप्तरी नव्हतंच, पण मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, गाणाऱ्या लोकांना बंदी घालायला अजून कोणी धजावलं नव्हतं. फादर ब्लाझ यांनी त्या दिवशी मिस्सा चांगली लांबवली होती. मी मात्र त्या दिवशी पथकात न जाता चौथरा चढून चर्चच्या भिंतीपाशी उभी राहिले. तिथून पायथ्याच्या पुलापर्यंतचा सगळा चढ दिसतो.

पुढचे तिघं पुलावर आले तेव्हा मागचे खूप लांब होते. तिघांच्या अंगावर रंगीत सदरे, छातीवर आकडे. ते पूल ओलांडून चढाला लागले आणि तुतीच्या झाडाखालून एक पांढरा सदरा निघून त्यांच्या मागे लागला.

पहिली दोन वळणं तो मागेच होता. त्याची सायकल चढाला किती जड आहे ते मला माहीत होतं, मी स्वतः ती ढकलत आणलेली आहे. एक खरं, ते तिघं गोरित्साहून दामटत आले होते आणि तो झाडाखाली बसून होता. तो नंतर स्वतःच कबूल करायचा की बरोबरीची शर्यत ती नव्हतीच. पण त्यांच्याकडच्या सायकलीही बरोबरीच्या नव्हत्या.

तिसऱ्या वळणावर तो एकाच्या पुढे गेला. तेव्हा त्याची पाठ रस्त्याच्या कडेच्या लोकांकडे झाली आणि कोणीतरी ते अक्षर अक्षर मोठ्याने वाचलं. मग शेजारच्याने. मग सगळा चढच ओरडायला लागला. वोदोपिवेत्स, वोदोपिवेत्स. ज्या नावावर आयुष्यभर हसले, तेच नाव म्हाताऱ्या बायका, मळेकरी, हातात टोप्या घेतलेले म्हातारे, सगळे घसा फोडून पुकारत होते. काहीजण स्वतःचंही आडनाव ओरडून घेत होते. एवीतेवी तोंड उघडलंच होतं. बँडवाल्यांना कोणीतरी खूण केली, बँड वाजायला लागला, पण त्यात बाजा एक आणि ढोल दोन. माणसं सातशे-आठशे.

आणि तेवढ्यात चर्चचे दोन्ही दरवाजे उघडले. फादर ब्लाझ यांनी स्वतः अडसर काढला. आत माळ्यावरून पथक पूर्ण आवाजात गात होतं, ऑर्गनसकट. गुरुजींचे हात मला बाहेरून दिसत होते. स्तोत्र देवाचं होतं, भाषा आमची होती, आणि गाणारे कायद्याप्रमाणे चर्चच्या आतच होते.

शेवटच्या वळणाला पुढे एकच राहिला होता, उदिनेकडचा उंच पोरगा. त्याने मागे बघितलं आणि बाजूला सरकून जागा दिली. दमला म्हणून की मुद्दाम, मला कळलं नाही. गुश्टिन कमानीखालून पहिला गेला. ग्रासेल्ली खुर्चीतून उठून हात आडवे करून पुढे आले होते. तो त्यांना वळसा घालून निघाला. थांबला नाही. हात वर केले नाहीत. तसाच उतारावरून खाली, लोझेत्सच्या रस्त्याने, घरी.

मार्शल कापुतो दोन शिपाई घेऊन आमच्या दारात आले तेव्हा तो हातपाय धुऊन मक्याच्या पिठाचा पोलेंटा आणि सॉसेज खात होता. मी त्यांच्या आधी पोचले होते. बाबांनी मार्शलना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेला सदरा त्यांनी उचलला, पाठीकडून उलटा केला, आणि आतली शिवण बघितली. मार्शलच्या स्वतःच्या सदऱ्यांच्या कॉलरी गेली दोन वर्षं मीच पालटून देत होते. माझा टाका त्यांना पाठ होता.

शिपायांना त्यांनी अंगणात पाठवलं. मग मला विचारलं, "सिन्योरिना, हे कोणी भरलं ते तुम्हाला माहीत नसेल. बरोबर ना?"

मला त्या माणसाचं आजही वाईट वाटतं. त्यांनी खरोखर दार उघडून धरलं होतं. बाबा माझ्याकडे बघत होते. गुश्टिनने मान हलवून खूण केली, नाही म्हण. नाही म्हणणं सोपं होतं. पण मग त्या सदऱ्यावरची अक्षरं कोणाचीच उरली नसती.

"मी भरलं," मी म्हटलं. "दोन संध्याकाळी लागल्या. पहिलं अक्षर जरा वाकडं आलंय, ते एक सोडलं तर माझी काही तक्रार नाही."

मार्शलनी डोळे मिटले. मग वही काढून लिहून घेतलं.

आम्हा दोघांना गोरित्साला नेलं. मला अकरा दिवस ठेवलं. त्या दिवसांत एका अधिकाऱ्याने मला रोज तोच प्रश्न विचारला, तुम्हाला पलीकडून कोणी शिकवलं, आणि मी रोज सांगितलं, भरतकाम मला आईने शिकवलं. घरी आले तर शिवणयंत्राची जागा रिकामी होती. पुराव्यासाठी नेलं, म्हणाले. ते परत कधीच मिळालं नाही. पुढे वर्षभर मी हाताने शिवत होते. कामाला तोटा पडला नाही. खोऱ्यातल्या बायका धड असलेल्या फ्रॉकांची शिवणसुद्धा उसवून आणायच्या आणि म्हणायच्या, अगं तिल्का, फाटलाय बघ.

गुश्टिनला तीन वर्षं तडीपारी झाली. दक्षिणेकडे समुद्रात एक बेट आहे, तिथे. त्याला नेलं त्या सकाळी स्टेशनवर मला जवळ जाऊ दिलं नाही. बेड्या घातलेल्या हातांनी त्याने हवेत सायकलचा हँडल धरल्यासारखं केलं आणि चढाला लागल्यासारखा पुढे वाकला. मी रडत होते आणि हसतही होते. शिपायाने त्याला खेचलं.

ऑक्टोबरमध्ये उशाय गुरुजींची बदली झाली, पार कलाब्रियात, इटलीच्या बुटाच्या चवड्यापाशी. दोन दिवसांची मुदत. निघताना त्यांनी पथकाच्या वह्या माझ्या हातात ठेवल्या. मी म्हटलं, मला जेमतेम माझा सूर सांभाळता येतो, पथक कसं चालवणार. ते म्हणाले, "गाताना हात खाली ठेवत नाहीस तू. मी कधीचा बघतोय. ते तसेच वर ठेव, लोक गातील."

पहिले काही रविवार फार वाईट गेले. बास, म्हणजे खर्जातल्या आवाजाचे लोक माझं ऐकायचे नाहीत. बाईने हात हलवायचे आणि आम्ही श्वास घ्यायचा, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. मार्टिन सणाला, नव्या वाइनच्या दिवशी, बाबा, ज्यांनी जन्मात कधी सूर धरला नव्हता, माळ्यावर आले आणि बासवाल्यांच्या मधोमध उभे राहिले. गायले नाहीत, नुसते बघत राहिले. त्या दिवसापासून बासवाले वेळेवर श्वास घ्यायला लागले.

डिसेंबरात सरकारी पाकीट आलं. त्यावर लिहिलं होतं, श्री. स्तेफानो बेविलाक्वा आणि कुटुंबीय. अर्ज न करता आमचं आडनाव बदलून आलं होतं. पोस्टमन दारात उभा. बाबांनी पाकीट उजेडात धरून नाव वाचलं आणि त्याच्या हातात परत दिलं.

"या नावाचं इथे कोणी राहत नाही."

पोस्टमन आमच्याच गावचा. तो म्हणाला, काका, मी काय लिहू? बाबा म्हणाले, जे सांगितलं तेच लिही. त्याने लिहिलं. पाकीट परत गेलं, पुन्हा आलं, पुन्हा परत गेलं. तिसऱ्या वेळी नवे मार्शल घेऊन आले. कापुतोंना तोवर दुसरीकडे पाठवलं होतं. बाबांना दंड झाला. कागदोपत्री आम्ही बेविलाक्वा झालो ते झालोच. नाव त्यांनी लिहिलं, पण सही बाबांनी त्यावर मरेपर्यंत केली नाही. सहीच्या जागी ते फुली मारायचे. साऱ्या खोऱ्यात बाबांसारखं वळणदार अक्षर कोणाचं नव्हतं. प्रत्येक कागदावर मोठी फुली, आणि खाली कारकुनाला लिहावं लागायचं, अर्जदार निरक्षर.

गुश्टिन तीस साली सुटून आला. केस विरळ झाले होते, खोकला जडला होता. खोऱ्यात त्याला रोज ठाण्यात हजेरी द्यायची होती. दोन महिने दिली, मग एका सकाळी भाकरीचा तुकडा खिशात टाकून तो डोंगर चढून सीमेपलीकडे गेला. तिकडे ल्युब्लियाना शहरात त्याने सायकली दुरुस्त करायचं काम धरलं, लग्न केलं. शर्यत पुन्हा कधी पळाला नाही, फुप्फुसं गेली होती. पहिल्या पत्रात त्याने लिहिलं की इथे रस्त्यात कोणी आडनाव विचारलं की तो सांगतो, आणि ऐकणारा हसतो, वाइनवरून तोच जुना विनोद करतो. 'ताई, तुला सांगतो, इतकं बरं वाटतं,' असं त्याने लिहिलं होतं.

मी राहिले. पुढची सोळा वर्षं, नवी लढाई येऊन जाईपर्यंत, रविवारी माळ्यावर हात वर धरून उभी राहिले. दोनदा मला पकडून नेलं, एकदा वह्या जाळल्या. वह्या जळल्या त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही सगळं तोंडपाठ गायलो, आणि दरवाजे फादरांनी उघडेच ठेवले होते.